मावशीचा उतारा

बाटल्या धुणाऱ्या बायकांमध्ये तिला सगळे उतारामावशी म्हणत. तिला खरं नावही होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारली असती तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

सरबताचा कारखाना होता तो. बाजारातून रिकाम्या बाटल्या परत येत आणि प्रत्येकीच्या बुडाशी थोडा गोड चिकटा राहिलेला असे. आता गोड तिथे माशी, हे काय वेगळं सांगायला हवं? मधमाश्या बाटलीत शिरत, बाहेरची वाट विसरत आणि हौदावर कोणी बाटली उचलली की चवताळून बाहेर येत. गांधीलमाश्यांचं तर विचारूच नका, त्या छपराच्या पत्र्याखाली घर करून बसलेल्या. त्यामुळे हौदावर नवीन बाई लागली की ती पहिल्यांदा दोनच गोष्टी शिकायची. बाटली आधी खोक्याच्या कडेवर उलटी आपटायची, आणि तरीही चावलीच माशी, तर बोंबलत मावशीकडे पळायचं.

मावशीचा एक पत्र्याचा डबा हौदाच्या कोपऱ्यात असे. त्यात अर्धा कांदा, खायचा सोडा, व्हिनेगर आणि कुठलंच कुलूप न उघडणारी एक जाडजूड लोखंडी किल्ली. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो ती बाटलीच्या झाकणाच्या कडेने खरवडून काढायची. "चिमटीत धरू नको गं, विष आत पिळलं जातं," असं प्रत्येकीला बजावायची, आणि एवढं मात्र तिचं बरोबर होतं. मग मधमाशीला सोडा, गांधीलमाशीला व्हिनेगर, दोघींवर कांदा, आणि शेवटी गार किल्ली दाबून धरायची. हे सगळं चाललेलं असताना तोंडाचा पट्टा सुरूच. "आंधळी आहेस का? नवऱ्याच्या खिशात बरं अंधारातसुद्धा दिसतं तुला! बाटलीत दिसत नाही?" रडणारी बाई रडता रडता हसायची. मग मावशी विचारायची, "उतरलं का?"

खरी गोम इथेच होती. "उतरलं" हे ऐकल्याशिवाय ती हात सोडायचीच नाही. कोणी "अजून थोडं ठणकतंय" म्हणालं की पुन्हा कांदा, पुन्हा किल्ली. शेवटी माणूस कंटाळून "उतरलं हो मावशी, उतरलं" म्हणायचं आणि कामाला लागायचं. कोणी लहान पोर घेऊन आलं तर ते पोर काय सांगणार? ते रडायचं थांबलं, गप्प झालं, की मावशी आपणच जाहीर करायची, "गप्प झालं बघा. उतरलं!" डंखाची आग काही लावलं तरी आणि नाही लावलं तरी थोड्या वेळाने निवतेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि कावळ्याला वाटतं फांदी आपणच मोडली. पण कावळ्याच्या तोंडावर हे सांगणार कोण?

तिची बाजूही सांगायला हवी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने स्वतःबद्दल एक चांगला शब्द ऐकला नव्हता. मूल झालं नाही म्हणून सासू बोलायची, स्वयंपाक जमत नाही म्हणून नवरा बोलायचा, आणि दोघंही जग सोडून गेले ते बोलतच गेले. हौदाच्या पाण्याने बोटांची सालं निघायची, नखं पांढरीफटक पडायची. अशा बाईला कोणीतरी एक दिवस म्हणालं, "मावशी, तुझ्या हाताला गुण आहे हो." बस्स. त्या एका वाक्यावर ती जगायला लागली. मग कोणी तिच्या कांद्याला नाव ठेवलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तशीही ती नाकावर माशी बसू न देणारी, आणि काम माश्यांच्यात!

तिच्याकडे तिची भाची राहायची. धाकट्या बहिणीची थोरली मुलगी. बहिणीकडे एकच खोली आणि पाठची आणखी एक पोर, म्हणून थोरलीला मावशीने लहानपणीच आपल्याकडे आणली, वाढवली, मोठी झाल्यावर हौदावर आपल्याच शेजारी उभी केली. तळहातावरच्या फोडासारखी जपली, यात खोटं नाही. पोरगी बोलकी, म्हणजे किती बोलकी? बायका तिला 'रेडिओ' म्हणायच्या. सकाळी हौदात हात घातला की रेडिओ लागायचा तो सुटीच्या भोंग्यापर्यंत. मुकादमाची चाल, स्वप्नात काय दिसलं, शेजारणीची मांजर, कशावरही बोलेल. मावशी ओरडायची, "अगं जरा बंद हो, कान किटले!" पण ती आजारी पडून घरी राहिली की हौदावर मावशीलाच करमायचं नाही.

रेडिओला याआधी एकदा मधमाशी चावली होती. मनगटावर. मावशीने सगळं रीतसर केलं, पण पोरीच्या अंगभर गांधी उठल्या, डोळे सुजून बारीक झाले आणि ती उलट्या करायला लागली. मुकादम घाबरला आणि तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. मावशी मागोमाग डबा घेऊन! पोहोचेपर्यंत गांधी जरा बसायला लागल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पोरीला बराच वेळ बसवून ठेवलं आणि मग मावशीला बाजूला घेतलं. "हिच्या अंगाला हे विष सोसत नाही. पुढच्या वेळी याहून वाईट होईल, घसा धरेल. घरात काही लावत बसू नका. चावली की तडक इकडे आणा. आणि जमलं तर हिला त्या बाटल्यांपासून लांब ठेवा."

"पण आम्ही इथे आलो तोवर उतरतच होतं," मावशी म्हणाली.

"ते तुमच्या कांद्याने नाही उतरलं, आजी. या वेळी वाचली एवढंच."

आजी! मावशी वाटभर धुमसत होती. कांद्यापेक्षा 'आजी' जास्त लागलं, की आजीपेक्षा कांदा, ते तिचं तिलाच ठाऊक.

रेडिओ मात्र घाबरली होती. तिने मावशीच्या मागे लकडा लावला, "मावशी, मला लेबलं चिकटवायला घाल ना. तिकडे माशी नसते. तू मुकादमाला सांगितलंस तर तो ऐकेल." आणि त्याने ऐकलंही असतं. मुकादमाच्या बायकोचा, पोरांचा, खुद्द त्याचाही डंख मावशीने उतरवला होता. एक शब्द टाकायचा अवकाश. पण मावशीला तो शब्द टाकवेना. उतारामावशीची भाची आणि डंखाला भिऊन पळाली? बायका तोंडावर पदर धरून हसल्या असत्या. "बघू," ती म्हणायची. "या खेपेचा माल होऊ दे." पुढची खेप यायची आणि पुन्हा तेच. पोरगीही शेवटी विचारायची थांबली. मावशी आहे ना शेजारी, मग कशाला भ्यायचं, असं तिनेच मनाला समजावलं असणार.

आणि मग तो दिवस आला. भर दुपार होती, मालाची गाडी नुकतीच आली होती. गाडीवाला खोकी उतरवून चाकाजवळ घाम पुसत बसला होता. रेडिओ मुकादमाच्या नव्या केसांच्या टोपाची गोष्ट सांगत होती, टोप वाऱ्याने कसा सरकला आणि त्याने तो डोकं खाजवल्यासारखं करून कसा जागेवर आणला. बायका हसून हसून बेजार. तेवढ्यात ती "आई गं!" म्हणून ओरडली आणि तिने कानाखाली मानेवर हात मारला. मधमाशी.

"आले, आले, हलू नको," म्हणत मावशीने डबा ओढला. काटा खरवडला, सोडा लावला, कांदा चोळला. पोरगी म्हणत होती, "मावशी, दवाखान्यात जाऊ या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या."

"जाऊ. आधी विष तर उतरू दे."

गाडीवाला उठून आला. "मावशी, गाडी रिकामीच आहे. बसवा तिला, लगेच सोडतो."

आता बघा, गाडी दारात, दवाखाना कोपऱ्यावर, नेणारा समोर हात जोडून उभा. यापेक्षा देवाने तरी काय द्यावं माणसाला? पण सगळा हौद काम टाकून मावशीच्या हाताकडे बघत होता. मावशी म्हणाली, "तू तुझी खोकी बघ. माझी पोर आहे, मला कळतं. आत्ता उतरेल."

"घशात काहीतरी अडकलंय," रेडिओ म्हणाली. आवाज बसला होता.

"घाबरल्यामुळे होतं तसं. पाणी पी."

पाणी गिळलं नाही, हनुवटीवरून ओघळलं. पोरीने मावशीचा हात धरला आणि घट्ट दाबला. काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, नुसतेच ओठ हलले. मावशी किल्ली दाबून म्हणत होती, "हं, हं, सोस थोडं. आता बघ." हळूहळू पोरीची पकड ढिली झाली. मान मावशीच्या खांद्यावर टेकली. ओरडणं नाही, कण्हणं नाही, काही नाही.

मावशीने मान वर करून बायकांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "बघा," ती म्हणाली, "गप्प झाली. उतरलं."

गाडीवाल्याने पोरीचे ओठ पाहिले. निळे पडले होते. त्याने मावशीला अक्षरशः ढकललं, पोरीला उचललं आणि गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जे जे करता येतं ते सगळं केलं. मग त्या बाहेर आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "चावल्याला किती वेळ झाला होता?" मावशीच्या हातात अजून किल्ली होती.

आता कोणीतरी तिला बोलायला नको होतं का? पण छे! सगळे तिचंच सांत्वन करायला आले. "मावशीसुद्धा उतरवू शकली नाही, म्हणजे वेळच भरली होती हो." "मावशीच्या मांडीवर गेली, भाग्याची." मुकादम आला, डोळे पुसून गेला. गाडीवाला तेवढा आला नाही. मावशी दाराकडे बघत राहायची, तो येईल, चारचौघांत खरं काय ते बोलेल, असं वाटून. तो आला नाही की तिला एकदम सुटल्यासारखं व्हायचं, आणि त्या सुटण्याची मग तिला शिसारी यायची.

सगळं उरकल्यावर बहीण तिच्याजवळ येऊन बसली. बहिणीने विचारलं, "ताई, तिला त्रास झाला का गं शेवटी? बायका म्हणतात, शांत गेली. गप्प झाली आणि गेली."

हीच वेळ होती. मावशीच्या घशाशी सगळं आलं होतं. पोरीने दाबलेला हात, ओघळलेलं पाणी, दारातली गाडी. पण बहिणीचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते, आणि मावशीने मान हलवली. नाही, त्रास झाला नाही.

"तू होतीस म्हणून," बहीण म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. मावशीला वाटलं, या मिठीत आपला जीव जाईल तर बरं होईल. पण असा कोणाचा जीव जात नाही.

ती पुन्हा कामावर गेली आणि पहिल्याच दिवशी तिने डबा कचऱ्यात फेकला. त्याचा काय उपयोग? पलीकडच्या बाईने तो उचलून पुसून ठेवला, आणि आता ती कांदा चोळते. मावशीकडे कोणी आलं की मावशी म्हणायची, "दवाखान्यात जा." बायका गाल फुगवायच्या. एवढ्याशा डंखाला दवाखाना? आपापसांत म्हणायच्या, "भाची गेल्यापासून मावशीचं मन उडालंय. नाहीतर हाताला काय गुण होता!" आणि मावशी ते ऐकत बाटल्या घासायची. तिला ओरडून सांगावंसं वाटायचं की मूर्खांनो, त्याच हाताने घात केला. पण कारखान्याला सांगायचं तर आधी बहिणीला सांगायला हवं, आणि बहिणीला सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

असेच दिवस जात होते, आणि एक दिवस कारखान्याच्या फाटकाशी आरडाओरडा झाला. बहीण धावत येत होती, कडेवर धाकटी. पोर सात-आठ वर्षांची, कडेवर मावत नव्हती, पाय लोंबत होते आणि ती टाहो फोडत होती. "ताई! माशी चावली हिला, नळावर! उतरव, उतरव लवकर!"

मावशीच्या हातातली बाटली फुटली. बहिणीच्या घरापासून कारखान्यापर्यंत यायचं तर दवाखान्यावरूनच यावं लागतं. सख्खी बहीण दवाखान्याच्या दारावरून, थोरलीला जिथे आणलं त्याच दारावरून, धाकटीला घेऊन पळत आली होती. कोणाकडे? हिच्याकडे! कारण हिने मान हलवली होती.

मावशीने पोर हिसकावून घेतली आणि ती फाटकाबाहेर पळत सुटली. मागून बहीण, तिच्यामागे हौदावरच्या चार बायका. "अगं कांदा तरी लाव!" बहीण ओरडत होती. "कुठे नेतेस?" मावशीचा श्वास फुलला होता, पायात चप्पल नव्हती. पोर आपली रडत होती आणि मावशी तिच्या कानात एकसारखं म्हणत होती, "रड गं माझे आई, रड. थांबू नको. मोठ्याने रड."

मावशीचा तो अवतार बघून पोर चरकली आणि रडायची थांबली. एकदम गप्प झाली.

मावशीने तिच्या दंडाला कचकन चिमटा काढला. पोर किंचाळली. पुन्हा जरा थांबली, की पुन्हा चिमटा. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. बहिणीने मागून येऊन तिचा खांदा धरला, "वेड लागलं का तुला? चिमटे काय काढतेस लेकराला?"

"गप्प होऊ देऊ नको हिला!" मावशी किंचाळली, आणि तशीच पळत दवाखान्यात शिरली.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचा घसा पाहिला, छाती ऐकली, अंग पाहिलं. हातावर लहानशी सूज होती, बाकी काही नाही. "साधा डंख आहे. गार पाण्याची पट्टी ठेवा आणि थोडा वेळ इथेच बसा," त्या म्हणाल्या, "दंडावर मात्र कोणीतरी चांगलेच वळ उठवलेत."

बाहेर बाकावर माणसं बसली होती. हौदावरच्या बायका दाराशी धापा टाकत होत्या. बहिणीने धाकटीला मांडीवर घेतलं आणि मावशीकडे पाहिलं. "गप्प होऊ देऊ नको, म्हणजे काय?"

मावशी भिंतीला टेकून उभी होती. आता तिच्याने पळवेना, आणि पळायला जागाही नव्हती. "थोरली गप्प झाली तेव्हा तिचं उतरलं नव्हतं," ती म्हणाली. "तिचा श्वास कोंडला होता. ती माझा हात दाबत होती. दवाखान्यात जाऊ म्हणाली होती. गाडीवाला नेतो म्हणाला, मी त्याला हाकललं. ती माझ्या खांद्यावर मरत होती आणि मी बायकांना सांगत होते की बघा, उतरलं."

"अगं मावशी, काय बोलतेस हे," दारातली एकजण पुढे झाली. "दुःखाने डोकं फिरलंय हो तिचं, मनावर घेऊ नका तुम्ही."

"डोकं ठिकाणावर आहे माझं. तुम्ही होतात तिथे. तुम्ही बघत होतात सगळ्या."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बहिणीने धाकटीला मांडीवरून खाली ठेवलं आणि ती उठली. "मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "त्रास झाला का, म्हणून विचारलं होतं."

"हो."

"मी तुझ्या गळ्यात पडून रडले."

"हो गं."

बहिणीने तिच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर, मग दोन्ही हातांनी छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे. बाकावरची माणसं उठली. बायकांनी धावत येऊन बहिणीचे हात धरले. "अहो, मोठी बहीण आहे ती! तिनेच वाढवली पोरीला! असं करतात का?"

"सोडा तिला," मावशी म्हणाली.

कोणी सोडेना. उलट दोघीतिघी मावशीलाच पाठीशी घालून उभ्या राहिल्या, एकजण पदराने तिचं तोंड पुसायला लागली. मावशीने तिचा हात झिडकारला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याशी खरं वागलं होतं, आणि या बाया तेवढंही तिला मिळू देत नव्हत्या.

"सोडा म्हणते ना तिचे हात!" ती ओरडली. "तिची मुलगी मारली मी. मारू दे तिला."